राजपुत्राचा पुण्यातला मुक्काम

जून २०२३. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात एक खटला उभा होता. अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्ट ६८.७ अब्ज डॉलरला विकत घेऊ पाहत होती आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याला हरकत घेतली होती. पुराव्यांत सोनीचेही कागद आले. धंद्यातली गुपितं झाकायची म्हणून त्यातल्या काही ओळींवर जाड काळं मार्कर फिरवलेलं होतं. ते कागद स्कॅन होऊन सार्वजनिक झाले आणि पडद्यावर निरखून पाहणाऱ्यांना शाईआडचे आकडे दिसायला लागले. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ : साधारण २०० माणसं, ७० महिने, २२ कोटी डॉलर. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ : ३०० माणसं, पाच वर्षं, २१ कोटी २० लाख डॉलर.

सिनेमावाले आपलं बजेट मिरवतात, गेमवाले ते तिजोरीत ठेवतात. त्यामुळे एक मोठा गेम करायला दोन हजार कोटी रुपयांच्या घरात खर्च येतो, हे एरवी पुटपुटत बोललं जाणारं सत्य त्या दिवशी कागदावर दिसलं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘आकार’ हा विषय दिला तेव्हा मला तो मार्कर आठवला. या धंद्याच्या बोलीत आकाराचे तीन गट आहेत. शेकडो माणसांचे, अफाट खर्चाचे ते ‘ट्रिपल-ए’. एकट्यादुकट्याने किंवा पाच-दहा जणांनी स्वतःच्या हिमतीवर केलेले ते ‘इंडी’. आणि या दोहोंच्या मधले, ज्यांना कुणी ‘डबल-ए’ म्हणतं, कुणी काहीच म्हणत नाही. या तिन्ही तऱ्हांचं काम पुण्यात चालतं, हे पुण्यातल्याही फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून पुण्यात हिंडलो.

पगार गुणिले महिने

पहिला प्रश्न साधा आहे. एवढा पैसा जातो कुठे? सेट उभारायचे नाहीत, हेलिकॉप्टर भाड्याने घ्यायचं नाही, बहुतेक वेळा मानधन मागणारा तारा नाही.

पैसा पगारात जातो. अमेरिकेतल्या स्टुडिओंमध्ये एक ढोबळ आडाखा वर्षानुवर्षं वापरात आहे: एका माणसामागे महिन्याला दहा हजार डॉलर. पगार, जागेचं भाडं, संगणक, विमा, सगळं धरून. तीनशे माणसं गुणिले साठ महिने गुणिले दहा हजार केलं की १८ कोटी डॉलर होतात. शाईआडच्या आकड्यापासून आपण फार लांब नाही. आणि अलीकडे कॅलिफोर्नियात हा आडाखाही तोकडा पडतो.

आता दुसऱ्या बाजूने बघू. ७० डॉलरचा गेम दुसऱ्याच्या ऑनलाइन दुकानातून विकला, तर दुकानदार साधारण ३० टक्के कापतो. हातात ४९ राहतात. २२ कोटी डॉलर नुसते वसूल व्हायला ४५ लाख प्रती खपाव्या लागतात. यात जाहिरात धरलेली नाही, करही नाहीत. ‘स्पायडर-मॅन २’चं बजेट ३१ कोटी डॉलरच्या वर गेल्याचं २०२३च्या अखेरीस हॅकरांनी फोडलेल्या कागदांतून कळलं. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या एका भागावर त्याच्या सगळ्या आयुष्यात मिळून ७० कोटी डॉलर खर्च झाल्याचंही अशाच एका न्यायालयीन कागदातून बाहेर आलं.

इतका पैसा पाच-सहा वर्षं अडकून पडणार असेल, तर ‘हे करून बघू या’ असं कोण म्हणेल? मग तिसरा भाग निघतो, पाचवा निघतो, जुन्याचा नवा अवतार निघतो. पाच वर्षांपूर्वी लोकांना काय आवडत होतं त्यावर पैज लावलेली असते आणि गेम बाजारात येईतो वारं फिरलेलं असतं. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ला बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. घेणाऱ्यांना पूर्ण पैसे परत दिले. ऑक्टोबरच्या शेवटी तो बनवणारा स्टुडिओही बंद केल्याचं जाहीर झालं. माझ्या वाचनात तो गेम वाईट होता असं म्हणणारे कमी आणि ‘असा आणखी एक कशाला’ म्हणणारे जास्त आले.

दोन सेकंदांचा दरवाजा

बाणेरच्या एका काचेरी इमारतीत काम करणाऱ्या तरुणाला खाली चहाच्या टपरीवर भेटलो. वर जायला परवानगी नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावावा लागतो. मूळचा कोल्हापूरचा. चित्रकलेचा डिप्लोमा केला, मग पुण्यात येऊन थ्रीडी शिकला. परदेशी मोठ्या गेमना लागणाऱ्या वस्तू बनवून देणं हा त्याच्या कंपनीचा धंदा. या वस्तूंना तिथे ‘अ‍ॅसेट’ म्हणतात. घडा, कंदील, पिंप, खडक, खिडकी. गेल्या काही आठवड्यांत तो एक दरवाजा करत होता.

दरवाजाला आठवडे? मी विचारलं. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आधी संदर्भाचे फोटो जमवायचे. मग दरवाजा संगणकात इतक्या बारकाईने घडवायचा की लाकडाची शीरन् शीर उठून दिसली पाहिजे. हे रूप इतकं जड असतं की गेममध्ये चालतच नाही, म्हणून त्याच आकाराचं हलकं रूप नव्याने बांधायचं आणि जड रूपातले बारकावे त्यावर चित्रासारखे उतरवायचे. त्यासाठी सगळा पृष्ठभाग उसवून सपाट मांडायचा. मग रंग, गंज, ओल, हात लागून गुळगुळीत झालेली कडी. मग त्याच दरवाजाची दुरून दिसणारी आणखी हलकी रूपं, कारण पन्नास फुटांवरून बिजागरीचा खिळा कुणाला दिसत नाही आणि न दिसणाऱ्या खिळ्यावर संगणकाची ताकद वाया घालवायची नसते. शेवटी अदृश्य भिंत, म्हणजे खेळणारा त्यातून आरपार जाऊ नये.

“आणि मग फीडबॅक येतो,” तो म्हणाला. “रात्री येतो सर, त्यांची सकाळ असते तेव्हा. गंज सगळीकडे सारखाच चढलाय, खालच्या बाजूला जास्त हवा. बरोबर असतं त्यांचं. पण मला माहीत आहे ना, खेळणारा त्या दरवाज्यासमोरून दोन सेकंदांत पळत जाणार.”

गेम कुठला, हे तो सांगू शकत नाही. करारच तसा असतो. कधी कधी त्यालाही ठाऊक नसतं. फायलीवर सांकेतिक नाव असतं. ट्रेलर आला आणि त्यात आपला खडक ओळखू आला तर घरच्यांना दाखवायचा. श्रेयनामावलीत नाव येईलच असं नाही, पुष्कळदा नुसतं कंपनीचं नाव येतं.

भारतातल्या गेम उद्योगाचा मोठा भाग या दरवाज्यावर उभा आहे. १९९७ मध्ये सुरू झालेली बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह हेच काम करत होती. २०१९ मध्ये ती ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’वाल्या रॉकस्टारच्या छत्राखाली गेली. पुण्यात ब्रिटनच्या सुमो कंपनीची शाखा २००७ पासून आहे आणि फ्रान्सच्या युबिसॉफ्टची २००८ पासून. हात इथले तयार झाले, चांगले तयार झाले. पण दरवाजा हवाच का, तो कुठे उघडतो, त्यापलीकडे काय आहे, हे ठरवणारं माणूस इथे नव्हतं. पुण्यात मला पुन्हा पुन्हा हेच दिसत राहिलं: आकाराचा खरा फरक पैशात कमी आणि निर्णय कुठल्या खोलीत होतो यात जास्त आहे.

पांढऱ्या कपड्यातला धाकटा भाऊ

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ज्यांनी संगणकाचा क्लास लावला, त्यांना दोन गेम माहीत असतात. एक ‘डेव्ह’ आणि दुसरा ‘प्रिन्स’. सर बाहेर गेले की काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करायची आणि पांढऱ्या विजारीतला राजपुत्र तळघरात उतरायचा. एका तासात राजकन्येपर्यंत पोहोचायचं असे. आमच्यापैकी फार थोडे पोहोचले.

हा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने जवळपास एकट्याने केला. १९८५ ते १९८९, चार वर्षं. माणूस खरा पळतो कसा, उडी मारून कडा कसा पकडतो, हे पकडण्यासाठी त्याने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चौकट हाताने गिरवून संगणकात उतरवली. संगीत वडिलांनी दिलं. अ‍ॅपल-टू या संगणकाची स्मृती इतकी तुटपुंजी होती की राजपुत्राच्या हालचालींनी ती भरून गेली, शत्रूला जागाच उरली नाही. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून त्यांची छाया केली आणि तीच त्याच्यावर सोडली. आरशातून बाहेर पडणारा तो छायापुरुष आम्हाला क्लासमध्ये भीती घालायचा. जागा नाही म्हणून तो जन्माला आला, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

पुढे राजपुत्र युबिसॉफ्टकडे गेला. २००३ मध्ये माँट्रियलच्या स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ केला. काळ मागे फिरवता येणारी कट्यार त्यात होती, आणि मेकनर स्वतः कथेवर होता. त्याचा पुढचा भाग करता करता राजपुत्राच्या अंगरक्षकाचीच गोष्ट मोठी झाली आणि तिचा ‘असॅसिन्स क्रीड’ झाला. कंपनीचं सगळं भांडवल हळूहळू त्या नव्या नावामागे उभं राहिलं.

आणि सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ‘द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने होणार आणि त्याचं नेतृत्व पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार. क्लासमध्ये चोरून खेळलेला राजपुत्र पुण्याच्या हातात! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गेमना हातभार लावणाऱ्या शाखेला पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या नावाची सूत्रं मिळत होती.

ट्रेलर आला आणि आंतरजालावर त्याची खिल्ली उडाली. चेहरे जुनाट, प्रकाश सपाट, दशकभरापूर्वीचा गेम वाटतो. टीकेत तथ्य नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. मीही तो ट्रेलर पाहिला आहे. पण टीकेच्या आडून ‘भारतात दिलं म्हणजे असंच होणार’ हा सूर जो निघाला, तो ओंगळ होता. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत झाली. मे २०२२ मध्ये काम पुण्याहून माँट्रियलला नेलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये, कंपनीच्या मोठ्या फेररचनेत, हा गेम रद्दच झाला. मूळ गेम जिथे जन्मला त्या माँट्रियललाही तो पुरा करता आला नाही, हे पुण्याला हसणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

माझं मत असं: दरवाजे करणाऱ्या हातांना वाडा बांधायला सांगणं चूक नव्हे. पण त्या दोन टोकांच्या मध्ये दोन-तीन लहान घरं बांधायची, त्यात चुका करायची सोय हवी. पहिलाच स्वतःचा निर्णय जगाच्या डोळ्यांदेखत, जगाला तोंडपाठ असलेल्या गेमवर घ्यावा लागणं ही फार महाग शाळा आहे.

एकच गाव, दोन निकाल

राजपुत्राचा आणखी एक मुक्काम दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए या शहरात झाला. तिथल्या युबिसॉफ्टच्या स्टुडिओने जानेवारी २०२४ मध्ये ‘द लॉस्ट क्राउन’ काढला. हा मधल्या आकाराचा गेम. बाजूने दिसणारा, मूळ गेमसारखा. त्यातली एक युक्ती मला फार आवडते: न उघडणारा दरवाजा दिसला की एक बटण दाबायचं, त्या जागेचं छायाचित्र नकाशावर चिकटतं, पुन्हा कधी यायचं ते लक्षात राहतं. पात्रं पर्शियनमध्ये बोलतील अशीही सोय त्यात होती. समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं. विक्री कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बातमी आली की ती चमू मोडून माणसं इतर प्रकल्पांवर पाठवली आहेत.

मोठ्या घरात मधल्या आकाराच्या गेमचं हे असं होतं. बाहेर ज्या विक्रीवर एखाद्या स्टुडिओने पेढे वाटले असते, ती विक्री आत ताळेबंदात ‘असॅसिन्स क्रीड’च्या शेजारी मांडली की खुजी दिसते. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये टोकियोचा टँगो गेमवर्क्स बंद करायचं ठरवलं तेव्हाही हाच प्रकार होता. त्यांच्या ‘हाय-फाय रश’ला जेमतेम महिनाभर आधी अ‍ॅनिमेशनचा बाफ्टा मिळाला होता.

गंमत पुढे आहे. त्याच माँपेलिएमध्ये युबिसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गियोम ब्रोश यांनी सँडफॉल नावाचा स्टुडिओ काढला होता. मूळ चमू तीसेक जणांची. त्यांचा ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ एप्रिल २०२५ मध्ये आला, तीन दिवसांत दहा लाख प्रती खपल्या, आणि डिसेंबरमध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमसकट नऊ पुरस्कार त्याने नेले. खर्च एक कोटी डॉलरच्या आत. म्हणजे मार्करखालच्या आकड्याचा विसावा हिस्सा, किंवा त्याहून कमी.

‘तीस जणांनी दोनशे जणांना हरवलं’ ही दंतकथा लगेच पसरली, आणि ती पूर्ण खरी नाही. लढाईच्या हालचालींचं बरंचसं काम कोरियातल्या चमूने केलं, चाचणी आणि भाषांतरं बाहेरच्या कंपन्यांनी केली, वादक-गायक-आवाज वेगळेच. अनरियल इंजिनसारखं तयार अवजार हाताशी होतं. पंधरा वर्षांपूर्वी अशा चित्रांसाठी कितीतरी मोठी फौज लागली असती. केप्लर नावाच्या प्रकाशकाने पैसा उभा केला. बाणेरच्या त्या तरुणासारखी माणसं इथेही कुठेतरी होतीच. फरक असा की आळीपाळीने खेळायची लढाई ठेवायची, जी जुनी झाली असं मोठ्या कंपन्या मानत होत्या, हा निर्णय तीस जणांच्या खोलीत झाला आणि त्याच खोलीत टिकला.

राजी

पुण्यात अशी एक खोली होती. नॉडिंग हेड्स गेम्स. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिघे संस्थापक. सर्कशीत वाढलेली राजी नावाची मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि वरून हा खेळ पाहणारे दुर्गा आणि विष्णू. किल्ले राजस्थानी वळणाचे, रंगसंगती पहाडी चित्रांची, आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांनी सांगितलेले. त्या बाहुल्यांना कारण सौंदर्याचं जितकं, तितकंच पैशाचं असणार असं मला वाटतं: चेहऱ्यावरचे सूक्ष्म भाव हलवणारं अ‍ॅनिमेशन फार महाग पडतं, बाहुलीचा चेहरा हलावा लागत नाही. मेकनरच्या छायापुरुषाची ही पुण्यातली भावंडं.

२०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीची मोहीम काढली, ती फसली. पुढे प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आधी निन्टेन्डोच्या स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतरत्र आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या इंडी गेमच्या यादीत त्याचं नाव होतं. मी तो खेळलो आहे. लढाया पुढे पुढे त्याच त्या वाटतात आणि शेवट घाईत आटोपल्यासारखा येतो. पण किल्ल्याच्या सज्जावर उभं राहिल्यावर खाली दिसणारं पाणी, भिंतीवरची चित्रं, विष्णूच्या आवाजातली मिश्किली, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं आहे, मागवलेलं नाही, हे पदोपदी जाणवतं.

तारखा बघा. राजपुत्राचा ट्रेलर आणि राजी, दोन्ही २०२० च्या पावसाळ्यातली. एकाच शहरात.

अठरा हजारांतला एक

आता कर्वेनगर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन मित्र. एकाने अशाच एका हातभार लावणाऱ्या स्टुडिओतली नोकरी सोडलेली, दुसरा साताऱ्याचा, प्रोग्रॅमिंग स्वतःच शिकलेला. हॉलमध्ये दोन टेबलं, भिंतीवर चिकटवलेले पिवळे कागद. गेम आहे घाटातल्या एका एसटी कँटीनचा, काळ १९८०च्या पुढचा. शेवटची गाडी चुकलेले प्रवासी येतात, तुम्ही चहा करता, वडे तळता, त्यांचं ऐकता. कुणाला कुठल्या बाकावर बसवायचं यावर गोष्ट वळते. मारामारी नाही. मी अर्धा तास खेळलो आणि एका कंडक्टरला चुकीच्या माणसाशेजारी बसवून बरंच काही बिघडवलं.

बनवणं हा निम्माच भाग, हे दोघेही लगेच सांगतात. जगातलं संगणकावरच्या गेमचं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे स्टीम. तिथे गेम ठेवायला शंभर डॉलर भरले की झालं. गेमची एक हजार डॉलरची विक्री झाली की तेही परत मिळतात. दार इतकं उघडं असल्यामुळे २०२४ मध्ये तिथे अठरा हजारांहून जास्त गेम आले. दिवसाला पन्नास. त्यातले बहुतेक कुणाला दिसतही नाहीत. ‘स्टारड्यू व्हॅली’ करणारा एरिक बॅरोन चार वर्षं एकटा बसला, पोटासाठी थिएटरात लोकांना जागा दाखवायचं काम केलं आणि पुढे त्या गेमच्या चार कोटींवर प्रती गेल्या, ही गोष्ट प्रत्येक इंडीवाल्याला पाठ आहे. तशीच ‘बलाट्रो’ची, कॅनडातल्या एका अनाम माणसाने केलेल्या पत्त्यांच्या गेमची. पण चार वर्षं बसून दोनशे प्रती विकलेल्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, आणि त्या संख्येने कितीतरी जास्त आहेत.

त्यामुळे गेम यायच्या वर्षभर आधीपासून दुकानात त्याचं पान उघडायचं आणि लोकांना ‘विशलिस्ट’ करायला लावायचं. गेम आला की त्या सगळ्यांना दुकान ईमेल पाठवतं. विशलिस्ट सातेक हजारांच्या पुढे गेली तर ‘लवकरच येणारे’ या यादीत नाव झळकतं, असं धंद्यात मानतात. यांची आहे अकराशे. वर्षातून तीनदा डेमोंचा उत्सव भरतो, त्यात उतरायचं. आणि तारीख जपायची. ‘हॉलो नाइट’ करणाऱ्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरीने ‘सिल्कसाँग’ची तारीख, ४ सप्टेंबर २०२५, दोनच आठवडे आधी सांगितली तेव्हा कितीतरी छोट्या गेमनी आपल्या तारखा पुढे ढकलल्या. त्या दिवशी गर्दीने दुकानंच कोलमडली. मजा अशी की तीही तीन जणांचीच चमू. राजपुत्रालाही असा फटका बसला होता: बोर्दोच्या एव्हिल एम्पायरने केलेल्या ‘द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया’ या छोट्या गेमने मे २०२४ मधली आपली तारीख ‘हेडीस २’ अचानक आला म्हणून पुढे नेली. लहानाला मोठ्याची भीती असते असं आपण धरून चालतो. खरी भीती शेजारच्या, आपल्यासारख्याच पण नशीब उघडलेल्या लहानाची असते.

आणि आणखी एक भीती आहे, ती मला डेक्कनच्या एका गेमिंग कॅफेत दिसली. तासावर पैसे, ओळीने बसलेली कॉलेजातली मुलं. कुणी ‘व्हॅलोरंट’, कुणी ‘काउंटर-स्ट्राइक’, कुणी २०१३ सालचा ‘जीटीए ५’. त्या दुपारी एकाही पडद्यावर त्या वर्षीचा गेम नव्हता. जुने, बहुतेक फुकट, मित्रांबरोबर खेळायचे. दोन हजार कोटींचा गेम असो की कर्वेनगरचा कँटीनचा, दोघांनाही या मुलांच्या संध्याकाळी हव्या आहेत, आणि त्या आधीच बुक झालेल्या आहेत.

चिनी आधी

मधला आकार पुण्यात का उगवत नाही? वीस-तीस माणसं तीन वर्षं पोसायला इथल्या पगारांतही काही कोटी रुपये लागतात. बँकेला तारण दाखवायला काही नसतं. गुंतवणूकदार मोबाइलवरचे गेम समजतो, कारण तिथे रोज पैसे येताना दिसतात. तीन वर्षांनी एकदाच विकायच्या वस्तूत तो पैसे घालत नाही. परदेशी प्रकाशक खेळता येईल असा नमुना मागतो आणि तो नमुना करायलाच वर्ष जातं. सोनीने भारतीय स्टुडिओंसाठी ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ काढला, महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं. धोरणातला पैसा इमारतींत जातो की अशा नमुन्यांच्या वर्षात, ते बघायचं.

कर्वेनगरच्या दोघांना ही वाट बघायला वेळ नाही. महिन्यातले पंधरा दिवस बाहेरची कामं करून ते उरलेले पंधरा विकत घेतात. गेममधले संवाद साताऱ्याचा तो आधी वहीत मराठीत लिहितो, मग इंग्रजीत करतो. पहिलं भाषांतर होणार चिनीत, कारण स्टीमवर चिनी खेळणारे अफाट आहेत. मग जर्मन, जमलं तर.

“आणि मराठी?” मी विचारलं.

“मराठी आहेच की काका, वहीत. पण फाँट नाही.” गेममधली अक्षरं जाड चौकोनी ठिपक्यांची आहेत. तशा ठिपक्यांत देवनागरी बसवायची तर जोडाक्षरं एकेक करून हाताने काढावी लागतात आणि ती योग्य जागी जोडली जातील अशी सोय इंजिनला शिकवावी लागते. ‘स्वारगेट’मधला ‘स्वा’ त्यांना जमला आहे. ‘कंडक्टर’ अजून फुटतो. गेम आल्यावर पहिल्या अपडेटमध्ये मराठी घालायचं, असं कागदावर लिहून भिंतीवर लावलं आहे.

किंमत मात्र ठरत नव्हती. एक म्हणत होता ३४९ रुपये, दुसरा ४४९. कमी ठेवली तर लोक स्वस्तातला माल समजतात. जास्त ठेवली तर गेम चार तासांचा, आणि दोन तासांच्या आत परत करायची मुभा दुकान देतं. पहिल्याचं म्हणणं, आपली माणसं ३४९ला घेतील. दुसऱ्याचं म्हणणं, आपली माणसं सेल लागेपर्यंत घेणारच नाहीत, मग बाहेरच्यांसाठी का पडतं घ्या? मला मध्ये ओढलं. मी ४४९ म्हणालो.

“तुमचं स्टीमवर अकाउंट आहे का?”

आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्यासमोर गेमचं पान उघडून विशलिस्टचं बटण दाबायला लावलं आणि पुन्हा ३४९वर आले.